हत्तीवाटेवरचा ससा

बालमित्रांनो, एका गजबजलेल्या जंगलात एका चपळ सशाचे बिऱ्हाड होते. टेकडीवरचा अडुळशाचा पाला पाठीला बांधायचा आणि नदीकाठी अस्वल वैद्याकडे पोचवायचा, हे त्याचे रोजचे काम. पण वाटेवर गर्दी तरी किती! गवे काय, रानडुकरे काय, सगळी एकमेकांना ढुशा देत चाललेली. लहान प्राणी बिचारे जीव मुठीत धरून चालत, आणि दर महिन्याला कुणाचा तरी पाय मोडेच. शेजारची हत्तींची रुंद वाट मात्र मोकळी असे.

एक दिवस ससा धीर करून म्हाताऱ्या हत्तिणीपुढे उभा राहिला. "आजी, तुमच्या वाटेच्या कडेने आम्हा लहानांना जाऊ द्या ना!"

हत्तीण म्हणाली, "आधी पौर्णिमेपर्यंत तू एकटा जाऊन दाखव. डोक्यावर बेलफळाची करवंटी घालायची. माझ्या पोटाखालचं मला दिसत नाही, तेव्हा तिथे घुसायचं नाही. वळण्याआधी मी त्या बाजूचा कान तीनदा आपटते, तिकडे लक्ष ठेवायचं. एक जरी अपघात झाला, तर वाट सगळ्या लहानांना कायमची बंद!"

सशाच्या डोक्यावरची करवंटी पाहून मुंगसाची हसता हसता मुरकुंडी वळली. "अरे, हे काय खापर डोक्यावर घेतलंस?" सशाला मनातून फार लागले, पण त्याने करवंटी काही काढली नाही.

बघता बघता पौर्णिमेचा दिवस उजाडला. ससा पाला घेऊन हत्तिणीच्या मागोमाग निघाला. वाट संपत आली होती. तेवढ्यात मागून मुंगूस धावत आले. बोलावले कुणी होते त्याला! जांभळाच्या वळणावर हत्तीण आणि दरड यांच्यामध्ये चांगली हातभर फट पडली. "घूस ना! घाबरलास की काय?" मुंगूस ओरडले. आता मात्र सशाने फटीकडे एक पाऊल टाकले. जंगलातल्या सगळ्यात वेगवान प्राण्याला भित्रा म्हणायचे म्हणजे काय!

इतक्यात हत्तिणीचा दरडीकडचा डावा कान आपटला. एकदा, दोनदा, तीनदा. ससा जागच्या जागी थांबला. मुंगूस मात्र सुळकन पुढे सुटले. सशाने झडप घालून त्याचे शेपूट दातांत धरले आणि सारा जोर लावून मागे ओढले. दोघे कोलांट्या खात पालापाचोळ्यात पडले. सशाचे डोके दगडावर आपटले, करवंटीचे दोन तुकडे झाले, डोके शाबूत राहिले. आणि धप्! मुंगूस जिथे असते, नेमका तिथेच हत्तिणीचा पाय पडला.

मुंगूस सशाला बिलगले. हत्तिणीने वळून पाहिले आणि सारा प्रकार तिच्या ध्यानात आला. तिने सोंड उंचावून अशी आरोळी ठोकली, की वाटेवरचे गवेसुद्धा थबकले.

"ऐका रे सगळे! आजपासून ही वाट लहानांचीही! या सशाने मिळवून दिली!"

सशाची छाती अभिमानाने फुगली. आजवर त्याच्या धावण्याचे पुष्कळांनी कौतुक केले होते. थांबण्याचे कौतुक आज पहिल्यांदाच झाले, आणि ते त्याला जास्त गोड लागले.

शेपटावर फुंकर घालत मुंगूस हळूच म्हणाले, "ससेभाऊ, ते बेलाचं झाड कुठे आहे हो?"

तात्पर्य : मोठ्यांच्या वाटेवर जागा मागून मिळते, पण ती टिकते वेळेवर थांबणाऱ्यामुळे.