आधी अंघोळ की आधी अंगरखा?

“दोन्ही कामं केली ना हिने? मग उत्तर चूक कसं?” राजकन्या हेमांगीची पाटी उंचावून शिलापूरचा राजा चंडकेतू गरजला.

राजकन्येला गणित शिकवणारे त्र्यंबकशास्त्री हात जोडून उभे होते. “महाराज, सात हा आकडा दिला होता. आधी त्याची दुप्पट करायची, आणि जे येईल त्यात तीन मिळवायचे. चौदा नि तीन, सतरा. राजकन्येने आधी तीन मिळवले आणि येईल त्याची दुप्पट केली. तिचे वीस आले.”

“दुप्पट केली?”

“केली, महाराज.”

“तीन मिळवले?”

“मिळवले.”

“मग झालं तर! आधी काय नि नंतर काय, सगळं सारखंच!”

“महाराज, क्रम बदलला की—”

“पुन्हा क्रम!” राजाने पाटी आपटली. “हा माझा हुकूम आहे. आजपासून शिलापुरात कुठलंही काम आधी केलं काय नि नंतर केलं काय, फरक पडणार नाही! आणि शास्त्रीबुवा, तुम्हाला पडतो असं वाटत असेल, तर उद्या सूर्य माथ्यावर यायच्या आत ते माझ्याच तोंडून वदवा. हुकूम मोडायचा नाही आणि आकडा उच्चारायचा नाही. नाही जमलं तर राज्याबाहेर!”

गावात दवंडी पिटली गेली. हेमांगी मुसमुसत बसली. तिला वीस बरोबर ठरायला नको होते, तिला शास्त्रीबुवा हवे होते.

संध्याकाळी शास्त्रीबुवा न्हाणीघरामागच्या चुलाण्याशी येऊन बसले. तिथे येसबा पाणक्या लाकडं रचत होता. राजाला न्हाऊ घालणं आणि पोशाख चढवणं ही दोन्ही कामं त्याच्याकडे होती. हिवाळ्यात शास्त्रीबुवा रोज इथे हात शेकायला येत. आज मात्र त्यांनी हात पुढे केलेच नाहीत.

“येसबा, हुकूम न मोडता तो चुकीचा आहे हे कसं दाखवायचं रे?”

येसबाने ओंडका आत सारला. “मोडायचा कशाला, बुवा? पाळायचा की! सकाळी ताईसाहेबांना घेऊन न्हाणीघराच्या दाराशी या.”

त्या रात्री शास्त्रीबुवांना झोप लागली नाही. येसबाला लागली. त्याला पहाटे पाणी तापवायचं होतं.

महाराजांची एक जुनी सवय होती. अंगावर पाणी पडेपर्यंत ते डोळे उघडत नसत. सकाळी ते तसेच मिटल्या डोळ्यांनी चाचपडत न्हाणीघरात आले. येसबाने त्यांना धोतर नेसवलं, जरीचा अंगरखा चढवला, खांद्यावर शेला टाकला, डोक्यावर लाल मंदील ठेवला आणि पाटावर बसवलं.

“आज पाणी कुठंय रे?” महाराज जांभई देत म्हणाले.

“हे आलंच, महाराज!” म्हणत येसबाने अख्खं घंगाळ त्यांच्या डोक्यावर उपडं केलं.

मंदिलाचा रंग कच्चा निघाला. महाराजांच्या नाकावरून लाल ओघळ दाढीत उतरले.

“येसबा! हे काय केलंस?”

“अंघोळ घातली, महाराज.”

“कपड्यांवर?”

“कपडेही घातले. दोन्ही कामं केली. एकही ठेवलं नाही.”

दाराशी उभ्या हेमांगीने टाळी वाजवली. “शास्त्रीबुवा, कळलं मला! पाणी नुसत्या आबासाहेबांवर पडलंच नाही. कपडे घातलेल्या आबासाहेबांवर पडलं! पहिल्या कामातून जे बाहेर आलं, तेच दुसऱ्या कामाच्या हाती गेलं! म्हणजे कालच्या गणितात दुप्पट करून जे चौ—”

“आकडा नको! आकडा नको!” शास्त्रीबुवांनी घाईघाईने तिच्या तोंडावर हात ठेवला.

राजा थरथरत उठला. थोडा थंडीने, बराचसा रागाने. “शिपाई! या पाणक्याला सुळावर द्या!”

शिपायांनी येसबाचे दंड धरले. येसबा शांतपणे म्हणाला, “चालेल, महाराज. माझा गुन्हा होता की नव्हता, ते मागाहून विचारा.”

“मागाहून? सुळावर गेल्यावर तू बोलणार आहेस का रे, मूर्खा? आधी चौकशी करायची, मगच शिक्षा! हे उलटं केलं तर—”

राजा थांबला. अंगरख्यातून पाणी टपटपत राहिलं. शिपायांनी येसबाचे दंड हळूच सोडले. शास्त्रीबुवांनी आभाळाकडे पाहिलं. सूर्य अजून झाडांच्या शेंड्यांवरही आला नव्हता.

“उलटं केलं तर काय होतं, महाराज?” येसबाने अदबीने विचारलं.

राजाने त्याच्याकडे पाहिलं, मग आपल्या लालभडक दाढीकडे, मग लेकीकडे. हेमांगी ओठ दाबून उभी होती.

“फरक पडतो!” राजा कसाबसा म्हणाला. “पडतो रे बाबा! शास्त्रीबुवा, हुकूम रद्द. तुम्ही इथेच राहा. आणि येसबा, मला हुडहुडी भरलीय. कोरडा अंगरखा चढव लवकर!”

“चढवतो, महाराज. ओला उतरवायचा तो याच्या आधी की नंतर?”

आता मात्र राजा इतका हसला, की डोक्यावरचा मंदील घरंगळून घंगाळात पडला. हसता हसता त्याने हातातलं सोन्याचं कडं काढून येसबाच्या मनगटात घातलं आणि शिपायांवर ओरडला, “बघताय काय? याला जरीचा शेला आणा! कोरडा!”