चौथ्या परिच्छेदातलं नाव

“पण भाऊ, खुनी चाळिसाव्या पानावरच कळत असेल, तर तिला रहस्यकथा का म्हणायचं?”

श्रीकांत हुपरीकरांनी हा प्रश्न चपला काढता काढताच विचारला. कोल्हापूरपासून कराडपर्यंत तो त्यांच्या तोंडात तयार होता.

भाऊ रेठरेकर खिडकीशी बसले होते. वय चौऱ्याऐंशी. कोर्टात बेलिफची नोकरी करता करता त्यांनी चौऱ्याण्णव रहस्यकथा लिहिल्या होत्या. आता डोळ्यांना मोठी अक्षरंही दिसत नसत. पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्यांत ते राहत. कागदावर खून पाडणारे बरेच जण त्यांना गुरू मानत, आणि हुपरीकर त्यांतले सर्वांत जुने.

“कुणाची रहस्यकथा?” भाऊंनी विचारलं.

“शलाकाची. दुसरं कुणाचं नाव ऐकू येतंय सध्या?”

शलाका आवटी. एकतीस वर्षांची, तासगावची. चार वर्षांपूर्वी तिला या खोलीत पहिल्यांदा घेऊन आले ते हुपरीकरच. आता तिच्या ‘तिसऱ्या पंचाची सही’ची चौथी आवृत्ती निघत होती. हुपरीकरांच्या सोळाव्या कादंबरीची पहिलीच आवृत्ती अजून प्रकाशकाच्या गोदामात होती.

“चाळिसाव्या पानावर कळलं तुला?”

“चाळिसाव्या.”

“आणि पानं किती आहेत?”

“दोनशे बारा.”

“मग पुढची कशाला वाचलीस?”

“परीक्षण लिहायचं होतं. पेपरवाल्यांनी माझ्याकडेच मागितलंय. आज पाचपर्यंत पाठवायचंय.”

“किती दिवस लागले वाचायला?”

“रविवारी वाचली. एका बैठकीत.”

“जेवलास?”

“नाही,” हुपरीकर म्हणाले, आणि लगेच त्यांना स्वतःचाच राग आला.

खाली गिरणी सुरू झाली. जमीन थोडी थरथरली.

हुपरीकरांनी खिशातून दोन कागद काढले. “एकदा ऐकून घ्या. तुम्ही बरोबर म्हणालात की इथूनच फोनवरून पाठवतो. चौथ्या परिच्छेदात मी खुन्याचं नाव दिलंय.”

“चुकून?”

“मुद्दाम.”

“ते छापून आल्यावर काय होईल?”

“चौथी आवृत्तीही गोदामात जाऊन बसेल. माझ्या शेजारी.”

असं बोलताना माणसाला लाज वाटायला हवी. हुपरीकरांना बरं वाटलं.

“तिनं औषधाच्या दुकानातली नोकरी सोडलीय,” भाऊ म्हणाले.

“मी नव्हतं सांगितलं सोडायला.”

हुपरीकरांनी कागद मांडीवर ठेवले.

“सांगलीला शलाकाच्या कार्यक्रमात एका बाईंनी माझ्या हातात फोन दिला,” हुपरीकर म्हणाले. आता त्यांचा आवाज खाली आला होता. “मला वाटलं, माझ्यासोबत फोटो हवाय. मी केसांवरून हात फिरवला. तर म्हणाल्या, ‘आमचा दोघींचा काढता का जरा?’ मी काढला, भाऊ. दोन काढले. एक उभा, एक आडवा.”

भाऊंना हसू आलं. त्यांनी ते लपवलं नाही.

“हसा. पण पंचनाम्याला पंच पाच लागत नाहीत, दोन पुरतात, हे तिला कुणी सांगितलं? मी. याच खोलीत, त्या खुर्चीवर बसून. त्याच्यावर तिनं अख्खी कादंबरी उभी केली. दोन पंच आणि सह्या तीन. बस, एवढंच आहे त्या पुस्तकात.”

“तुला कुणी सांगितलं होतं?”

“काय?”

“पंच दोन पुरतात ते.”

“तुम्ही,” हुपरीकर म्हणाले.

“कधी?”

“झाली असतील बावीस वर्षं.”

भाऊंनी मान हलवली. मग मांडीवरचं पुस्तक उचलून पुढे केलं. हुपरीकरांनी मुखपृष्ठ पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. इथेही तीच.

“आधी दहा पानं,” भाऊ म्हणाले.

हा त्या घरचा रिवाज होता. भाऊंचे डोळे गेल्यापासून जो कुणी येईल त्यानं आधी पुस्तकातली दहा पानं मोठ्यानं वाचायची, खूण असेल तिथून. मग आपलं काम सांगायचं. गॅसवाल्यालाही यातून सुटका नव्हती.

“काल पोस्टमननं तिथवर आणलंय. त्याला उठवत नव्हतं,” भाऊ म्हणाले.

खूण एकशे सत्त्याण्णव पानावर होती. म्हणजे नाव यायला सात पानं. हुपरीकरांना ते पान पाठ होतं.

ते वाचू लागले. पहिलं पान त्यांनी नोटीस वाचावी तसं वाचलं. दुसऱ्या पानावर इन्स्पेक्टर टेबलाशी आला.

“‘त्यानं पंचनामा पुन्हा उलगडला. पहिली सही डाव्या हातानं केलेली होती. दुसरी थरथरत्या हातानं. तिसरी मात्र शांतपणे केलेली होती, आणि त्याला भीती वाटली ती तिसरीचीच...’”

गिरणीचा आवाज वाढला. हुपरीकर थांबले. ते खुर्ची ओढून भाऊंच्या जवळ आले आणि तीच ओळ परत वाचली. ती ऐकायची राहिली असती, तर पुढची सगळी गंमत वाया गेली असती.

तिसरं पान. चौथं. आता ते घाई करत नव्हते. गोष्टीतलं दार वाजायच्या आधी ते श्वासभर थांबले. म्हातारी साक्षीदार बोलू लागली तेव्हा त्यांनी तिचा आवाज वेगळा काढला. काढायचा ठरवला नव्हता, तो निघाला.

सातव्या पानाच्या तळाशी भाऊंनी हात वर केला.

“पुरे. खुनी कोण ते सांगून टाक. चहाची वेळ झाली.”

हुपरीकरांनी पान उलटायला धरलं होतं. ते तसंच राहिलं.

“आता?”

“हो. नाव सांग, म्हणजे सुटलो.”

“एकच पान, भाऊ.”

“एक पान कशाला? तू चौथ्या परिच्छेदात लिहिलंयस ना? ते वाच.”

कागद हुपरीकरांच्या मांडीवर होते. त्यांनी ते उचलले नाहीत.

“नाही,” ते म्हणाले.

“का?”

“असं सांगितलं तर... सगळं जाईल.”

“कुणाचं?”

गिरणी बंद पडली. खाली कुणीतरी पिठाचा डबा आपटून रिकामा केला.

“तुमचं,” ते म्हणाले.

“मग वाच.”

त्यांनी पान उलटलं. आवाज आणखी खाली आणला, आणि जिथे यायचं तिथेच नाव आलं. ते काय होतं हे इथे सांगणार नाही.

भाऊंचं तोंड उघडं राहिलं. त्यांनी हवेत हात नेला, जणू मागची पानं तिथे टांगलेली होती आणि त्यांना ती चाचपायची होती. “म्हणजे ती सही...” ते म्हणाले. “अरे, म्हणजे तो तर पहिल्यापासून...” मग ते हसू लागले. चौऱ्याण्णव रहस्यकथा लिहिलेला माणूस पोट धरून हसत होता. त्यांच्या न दिसणाऱ्या डोळ्यांतून पाणी आलं.

हुपरीकर त्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

आपल्या सोळा कादंबऱ्या त्यांनी याच खुर्चीवर बसून वाचून दाखवल्या होत्या. प्रत्येक वेळी अर्ध्यावर भाऊ हळूच खुन्याचं नाव सांगत आणि चहा टाकायला उठत. हा चेहरा त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्याच्यासाठी ते बावीस वर्षं लिहीत होते. तो तिला मिळाला, तीही इथे नसताना. वाचून दाखवायला मात्र आपण.

“चाळिसाव्या पानावर मला डॉक्टर वाटला होता,” ते म्हणाले.

“मलाही.”

“शंभराव्या पानावर भाचा.”

“हं.”

“मला शेवटपर्यंत कळलं नाही, भाऊ.”

भाऊंनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

हुपरीकरांनी पुस्तक मिटलं. मांडीवरचे कागद घडी करून पुन्हा उघडले. घड्याळात साडेचार झाले होते.

“हे मी लिहायला हवं होतं,” ते म्हणाले. “या बाईनं काय लिहिलंय हो... हे मी लिहायला हवं होतं.”

भाऊ चहा टाकायला उठले. भिंतीला हात लावत ते स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि तिथे थांबले.

“मग तेवढं एकच वाक्य पाठव, श्रीकांत. आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव घाल.”