बेटावर गळणारे काटे

समुद्राला लागून असलेल्या एका जंगलात साळिंदरांचा एक कळप राहत असे. साळिंदराचे काटे शोभेचे नसतात, मुलांनो. त्या जंगलात बिबट्या होता, आणि बिनकाट्यांचं साळिंदर म्हणजे त्याला आयता घास.

कळपाचा म्हातारा म्होरक्या गेल्या हिवाळ्यात समोरच्या बेटावर हवापालट करून आला होता. जाताना पाठ गच्च भरलेली, येताना तिच्यावर एक बोडका चट्टा. कळपात एक चौकस पोर होती. तिनं सरळ विचारलं, "काका, काटे कुठं गेले?"

"खारा वारा लागला की गळतात," म्होरक्या खोकत म्हणाला. "पण बेट काय वर्णावं! असे कंद जन्मात खाल्ले नाहीत." अडचणीचं काही विचारलं की मोठ्यांना आधी खोकला येतो, हे पोरीनं कधीच हेरलं होतं.

यंदा सगळा कळपच निघाला. सकाळी समुद्र मागे हटला होता. मधली वाळूची वाट उघडी होती. तिच्यावरून चालत सगळे बेटावर पोचले आणि दुपारपर्यंत कंदांवर तुटून पडले. परत किनाऱ्यावर येऊन बघतात तो काय, वाट पाण्याखाली! केवड्याच्या सावलीत एक कोल्हा बसला होता, शेजारी एक भलंमोठं कासव.

"अरेरे, पाहुणे, थोडक्यात चुकलात!" कोल्हा म्हणाला. "आता समुद्र होळीनंतरच मागं हटायचा. पण घाबरू नका, कासव घरचंच आहे, पाठीवर बसवून पलीकडे सोडेल. डोई दहा काटे फक्त. घाई करा, मग वीस पडतील."

पोरीची आई सर्वांत आधी पुढं झाली. कोल्ह्यानं तिच्या मानेवरचे दहा काटे उपटले आणि आपल्या बिळाच्या कुंपणात खोचले. पोर मात्र पाण्याकडे बघत राहिली. "कोल्होबा, होळी तर लांब आहे. मग आज सकाळी समुद्र मागं कसा होता?"

"ते... सकाळचं वेगळं असतं."

"गप गं! मोठे बोलताना मध्ये तोंड घालू नये," दोन-तीन मावश्या एकदम ओरडल्या. पोर गप्प बसली नाही. ती थेट वाळूतल्या एका खेकड्याकडे गेली.

"पाणी? रोज दोनदा येतं, दोनदा जातं," खेकडा म्हणाला. "दिवस मावळेपर्यंत बस, वाट उघडेल."

"मग इतरांना सांगत का नाहीस?"

"कुणी विचारतं का?"

पोर तरातरा म्होरक्यासमोर आली. "काका, गेल्या वर्षी तुम्हीही कासवावरूनच परत आलात ना?"

म्होरक्या खोकला. पोर हलली नाही. शेवटी तो पुटपुटला, "हो. पलीकडे उतरलो आणि संध्याकाळी वळून पाहिलं, तर वाट उघडी."

"आणि आम्हाला सांगितलं नाहीत?"

"म्होरक्या आहे मी, पोरी. हसं झालं असतं. म्हटलं, सगळ्यांचेच दहा-दहा गेले, की कोण कुणाला हसणार?"

"आईचे मानेवरचे गेले, काका. बिबट्या मानच धरतो."

आता तिला कुणी गप म्हणालं नाही. सगळा कळप वाळूत बसून राहिला. कोल्हा पाचावर आला, मग तीनावर, मग शिव्यांवर. दिवस मावळला, वाट उघडी पडली. आईला मधोमध घेऊन सगळे चालत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी काही ससे बेटाकडे निघालेले दिसले. पोर त्यांना थांबवून सगळं सांगू लागली, तसा म्होरक्या मागून कुजबुजला, "अगं, घरातलं घरात ठेवावं."

"घरात ठेवलंत, म्हणूनच आईची मान उघडी पडली," ती म्हणाली आणि आणखी मोठ्यानं सांगू लागली.

सशांनी सगळं ऐकून घेतलं. ते बेटावर गेले, कोवळं गवत पोटभर खाल्लं आणि भरती आल्यावर कोल्ह्याच्या डोळ्यांदेखत सावलीत ताणून दिली.

तात्पर्य : ठक एकदाच फसवतो, आपलं फसणं झाकणारा वडीलधारा त्याला रोज नवं गिऱ्हाईक धाडतो.