नाव न ऐकलेलं कॉलेज

हेमलता मडावीचं कॉलेज अहेरीकडं नावाजलेलं होतं. तिथं कॉलेजचं नाव सांगितलं की लोक बसायला खुर्ची देत. पुण्यात मात्र प्रत्येक मुलाखतीत तेच नाव समजावून सांगताना ती थकून गेली होती. आजही जमलं नाही तर गावी परत येईन, असं तिनं आईला कळवून टाकलं होतं.

पंपाच्या कंपनीतले टिळेकर साहेब तिचा अर्ज बघून हसले. "हे कॉलेज कुठं आलं? आम्ही तर नावही ऐकलं नाही बुवा. अशा ठिकाणचं माणूस घ्यायचं म्हणजे धोकाच!"

हेमलता उठता उठता थांबली. "सर, या नोकरीत पंप लातूरकडं विकायचेत ना? तिथला दुकानदार म्हणाला, या कंपनीचं नावही ऐकलं नाही, तर मी काय सांगू?"

"सोपं आहे," साहेब ऐटीत म्हणाले. "सांगायचं, नावावर जाऊ नका. एक पंप ठेवून घ्या, महिनाभर बघा. नाही पटला तर परत पाठवा."

"मग सर, मलाही महिनाभर ठेवून बघा. नाही पटलं तर परत पाठवा."

साहेबांचं हसू मावळलं. तिचा अर्ज पुन्हा हातात घेत ते म्हणाले, "सोमवारी या."

बाहेर येऊन हेमलता बाकावर टेकली. आईला फोन करण्याआधी तिनं डोळे मिटून घेतले.