बकुळीची वासकळी

डोंगराच्या पायथ्याशी, करवंदीच्या जाळीमागे, एक इवलीशी झोपडी होती. तिथे बकुळी आपल्या आईबरोबर राहायची. आई गजरे करायची, आणि ते इतके देखणे असायचे की फुलपाखरंसुद्धा फसायची. पण एका हिवाळ्यात आईच्या बोटांना दुखणं जडलं. बोटं अशी आखडली की सुई धरवेना, घास उचलवेना. मग चिमुकली बकुळीच वेडेवाकडे गजरे ओवायची आणि बाजारात न्यायची. रोज दोघी पेजेवर भागवायच्या.

एका कोवळ्या सकाळी ती राईत कुंदाची फुलं वेचत होती. तेवढ्यात पानापानांवर चंदेरी चमचम झाली आणि समोर एक परी उतरली! तिचे पंख दवासारखे लखलखत होते. हातात मात्र होता एक ओबडधोबड, मातकट कंद.

"याला कुणी घरात घेत नाही गं," परी हळूच म्हणाली. "याच्या फुलाला फार घाण वास येतो. तू फुलवशील याला? फुललं की तुझी एक इच्छा पुरी होईल. पण नियम आहेत हं! पाणी तुझ्याच हातचं हवं. याच्यासमोर नाक मुरडायचं नाही, ते फार हळवं आहे. आणि हे फूल घरीच उमलायला हवं."

"फुलवीन की, परीताई!" बकुळी म्हणाली.

पण कंद मोठा हट्टी! आधी तो कुजू लागला, तेव्हा तिने कुंडीतली माती बदलली. मग मुंग्या आल्या, त्या तिने फुंकरीने पळवल्या. थंडीत कुंडीला गोधडीचा तुकडा गुंडाळला. कोंब काही येईना. ती रोज कुंडीशी बसून गप्पा मारायची. आणि एकदाचा कोंब आला! हिरवागार, ठिपक्याठिपक्यांचा. त्याच्या टोकावर जांभळी, टप्पोरी कळी धरली.

एका पहाटे कळी जराशी उघडली. बाप रे! मेलेला उंदीर आणि नासलेलं ताक एका पातेल्यात घातल्यासारखा तो वास!

"बकू, काही मेलंय का गं घरात?" आईने विचारलं.

बकुळीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण नाक तिने मुरडलं नाही. "शहाणी गं माझी कळी," ती म्हणाली.

इतक्यात शेजारच्या सगुणाकाकू तान्ह्या बाळाला घेऊन दारात आल्या. "बकुळे, रागवायला नाही आले गं. पण या वासाने बाळ दूधच पीत नाही. घोट घेतला की ओकतंय."

बाळ केविलवाणं रडत होतं. बकुळीने आईच्या आखडलेल्या बोटांकडे पाहिलं. कळी घराबाहेर नेली तर नियम मोडणार, इच्छा जाणार.

आई म्हणाली, "माझं राहू दे, बाळा. त्या लेकराला भूक लागली आहे."

बकुळीने कुंडी उचलली आणि डोळे पुसत पुसत राईत नेली. बाळ शांत झालं असेल, तिला वाटलं. आता घरी जावं का? पण कळीला एकटं टाकवेना. ती तिच्याशेजारी बसली. "उमल गं," ती म्हणाली. "मी आहे."

आणि कळी उमलली! टोपलीएवढं फूल, मखमली, जांभळंलाल, मधोमध सोन्याचा दांडा. कुठून कुठून हिरवे, निळे, झगमगते भुंगे आले आणि त्याच्याभोवती गुणगुणू लागले. त्यांना तो वास अत्तरासारखा होता. त्यांच्यामधूनच परी अवतरली.

"परीताई, मी नियम मोडला," बकुळी मान खाली घालून म्हणाली.

परी खुदकन हसली. "घरी उमलायला हवं म्हटलं होतं मी. कुणाच्या घरी, ते कुठे म्हटलं? ही राई माझंच घर आहे, वेडाबाई! माग काय हवं ते."

"माझ्या आईची बोटं बरी होऊ देत."

परीने तिच्या कपाळावर अलगद ओठ टेकले. तिच्या पंखांतून गुलाबी, सोनेरी उजेड सांडला, झाडाझाडांतून पसरला, आणि त्या उजेडातच परी विरून गेली.

बकुळी धावत सुटली. आई दारातच उभी होती. तिने लेकीचा चेहरा ओंजळीत धरला, दहाही बोटांनी, घट्ट.