ठिपकीची बुंदी आणि अडलेली गाडी

तुझ्या बोटाचं टोक बघ. त्या टोकावर बसेल एवढीश्शी एक मुंगी होती. तिचं नाव ठिपकी.

शरयूमावशीच्या घरी, वरच्या खोलीत, एक भलंमोठं टेबल होतं. टेबलावर डोंगर. टेबलावर पूल. टेबलावर बोगदा. आणि छोटीशी आगगाडी! सगळं मावशीनं स्वतः केलेलं. रूळ तर केवढे! लांबच लांब, लांबच लांब.

टेबलाच्या पार त्या टोकाला भिंत. भिंतीत एक भोक. भोकात ठिपकीचं घर. आज घरी बारसं होतं. ठिपकीच्या धाकट्या बहिणीचं! पाळणा सजला होता. आत्या आली होती.

ठिपकीला सापडली एक बुंदी. पिवळीधमक. गोल गोल. ठिपकीहून मोठी!

"ही बारशाला नेते," ठिपकी म्हणाली.

उचलली, तर उचलेना. मग ढकलली. ढकलत ढकलत गाडीच्या डब्यात टाकली. स्वतःही चढून बसली.

गाडी निघाली. छुक छुक. छुक छुक. पूल गेला. डोंगर गेला. बोगदा आला.

छुक... छु... क...

गाडी थांबली!

ठिपकी खाली उतरली. तुरुतुरु तुरुतुरु. गाडीपुढे उभी राहिली.

"गाडीताई, गाडीताई, चल ना! बुंदी घरी जाईना!"

गाडी म्हणाली, "मी नाही चालणार. आधी रुळाकडून वीज येऊ दे."

"काय बाई कटकट!" ठिपकी म्हणाली.

तुरुतुरु तुरुतुरु. ठिपकी रुळाकडे गेली.

"रूळदादा, रूळदादा, वीज दे ना! गाडी चालेना, बुंदी घरी जाईना!"

रूळ म्हणाला, "मी नाही वीज देणार. वीज येते पार मागच्या टोकाकडून. इथवर येईपर्यंत दमून जाते. इथे मला एक तार होती. ती सुटली. आधी तार चिकटू दे."

"काय बाई कटकट!" ठिपकी म्हणाली.

तुरुतुरु तुरुतुरु. ठिपकी टेबलाखाली गेली. तिथे एक लाल तार लोंबत होती. झुलत होती. मजेत होती.

"तारताई, तारताई, चिकट ना! रूळ वीज देईना, गाडी चालेना, बुंदी घरी जाईना!"

तार म्हणाली, "मी नाही चिकटणार. अशी कशी चिकटू? आधी सळई तापू दे. ती मला चटका देईल, मग मी चिकटेन."

"काय बाई कटकट!" ठिपकी म्हणाली.

तुरुतुरु तुरुतुरु. ठिपकी सळईकडे गेली. तारा चिकटवायची सळई ती! पण गारेगार पडली होती.

"सळईताई, सळईताई, ताप ना! तार चिकटेना, रूळ वीज देईना, गाडी चालेना, बुंदी घरी जाईना!"

सळई म्हणाली, "मी नाही तापणार. आधी मावशीला बटण दाबू दे."

"काय बाई कटकट!" ठिपकी म्हणाली.

तुरुतुरु तुरुतुरु. ठिपकी शरयूमावशीकडे गेली. मावशी टेबलाखाली वाकली होती. मग खुर्चीमागे वाकली. मग उशी उचलून बघितली.

"मावशी, मावशी, बटण दाब ना! सळई तापेना, तार चिकटेना, रूळ वीज देईना, गाडी चालेना, बुंदी घरी जाईना!"

मावशी म्हणाली, "मी नाही बटण दाबणार. मला काही दिसत नाही! तारेऐवजी बोटालाच चटका बसायचा. आधी माझा चष्मा मिळू दे. अहो, माझा चष्मा पाहिलात का?"

"नाही पाहिला!" भार्गवकाका म्हणाले. भार्गवकाका म्हणजे मावशीचे यजमान. ते आरामखुर्चीत बसले होते.

"काय बाई कटकट!" मावशी म्हणाली.

"काय बाई कटकट!" ठिपकीही म्हणाली.

तुरुतुरु तुरुतुरु. ठिपकीनं इकडे शोधलं. ठिपकीनं तिकडे शोधलं. खिडकीत एक मांजर झोपली होती. तिचं नाव खारी. खारीच्या पोटाखालून काय बरं डोकावत होतं?

चष्म्याची दांडी!

"खारीताई, खारीताई, ऊठ ना! चष्मा मिळेना, मावशी बटण दाबेना, सळई तापेना, तार चिकटेना, रूळ वीज देईना, गाडी चालेना, बुंदी घरी जाईना!"

खारीनं एक डोळा उघडला. "मी नाही उठणार. आधी दूध मिळू दे."

आणि डोळा मिटला.

"काय बाई कटकट! काय बाई कटकट!" ठिपकी म्हणाली. तिचे पाय दुखत होते. सगळे सहाच्या सहा!

तुरुतुरु... तुरुतुरु... ठिपकी भार्गवकाकांकडे गेली.

"काका, काका, दूध द्या ना! खारी उठेना, चष्मा मिळेना, मावशी बटण दाबेना, सळई तापेना, तार चिकटेना, रूळ वीज देईना, गाडी चालेना, बुंदी घरी जाईना!"

काका म्हणाले, "मी नाही दूध देणार. शरयू म्हणाली, बसा, आत्ता गाडी दाखवते. म्हणून मी बसलोय. सकाळपासून बसलोय! आधी गाडी चालू दे. मग मी उठेन."

ठिपकी बघतच राहिली.

गाडी चालली की काका उठणार.

आणि काका उठले की गाडी चालणार!

ठिपकी एकदम खालीच बसली. तिला रडू आलं. घरी पाळणा सजलाय. आत्या वाट बघतेय. बाळाला अजून नाव नाही. आणि इथे कोणी जागचं हलत नाही!

मग रडू थांबलं. आणि राग आला. एवढीश्शी मुंगी, पण राग केवढा! एवढाऽऽऽ मोठा!

ठिपकी उठली. काकांच्या चपलेवर चढली. चपलेवरून अंगठ्यावर चढली. तोंड उघडलं आणि...

कच्च!

"आई गंऽऽऽ!" काका ओरडले.

काका उठले! एका पायावर नाचले. लंगडी घालत खोलीभर फिरले.

"काय झालं हो?" मावशी म्हणाली.

"मुंगी चावली!"

"मग उठलाच आहात, तर मांजरीला दूध द्या. तिला अजून दूध मिळालेलं नाही."

"हो, आता उठलोच आहे," काका म्हणाले. अंगठा चोळत चोळत दूध आणलं.

काकांनी दूध दिलं. लपक लपक.

खारी उठली. धप्प!

चष्मा मिळाला. "अगं बाई, इथे होय!" मावशीनं चष्मा पुसला. नाकावर ठेवला.

मावशीनं बटण दाबलं. टक्!

सळई तापली. लगेच नाही हं! जरा थांबावं लागलं. मग मात्र तापली. सूंऽऽऽ.

तार चिकटली. चुर्र! थोडासा धूर निघाला. मावशीनं फुंकर मारली. फूऽऽ!

रुळानं वीज दिली. झुऽऽऽम!

ठिपकी पळत सुटली. तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु! धापा टाकत डब्यात चढली.

गाडी चालली! छुक छुक, छुक छुक, कूऽऽऽक!

"आली! आली बघा!" मावशी टाळ्या वाजवत म्हणाली.

"झकास!" काका म्हणाले. अंगठा सुजला होता, तरी हसले.

गाडी बोगद्यातून गेली. वळणावरून गेली. पार त्या टोकाला भिंतीपाशी आली. तिथे सगळ्या मुंग्या उभ्या होत्या. सगळ्यांनी मिळून बुंदी उतरवली. हुश्श! हुश्श! हुश्श!

"एवढा उशीर?" आत्या म्हणाली.

"आत्या, आता मला काही विचारू नकोस," ठिपकी म्हणाली. "आधी बारसं करू या."

आत्या पाळण्यावर वाकली. बाळाच्या कानात म्हणाली, "कुर्रऽऽऽ!" बाळाचं नाव ठेवलं चिमणा. नाही, नाही! ते तर मुलाचं नाव! आत्या चुकली. सगळ्या हसल्या. आत्यानं पुन्हा कुर्र केलं आणि नाव ठेवलं रेवडी.

मग सगळ्या बुंदीवर तुटून पडल्या. मोठा तुकडा ठिपकीला मिळाला. आणि रेवडीबाळाला? तिला नुसतं बोट चाटवलं.

सगळ्यांचं तोंड गोड झालं. आता तुझंही तोंड पुस, आणि पांघरूण घे.