ज्या छपरावर पारवा उतरेल

पूर्वी अरुणवती नगरात जयसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचे अमात्य होते. नगरातील गरिबांची मुले मीठ काढायला दूर समुद्रकाठी जात आणि वर्षानुवर्षे त्यांची खबर येत नसे. म्हणून बोधिसत्त्वांच्या सल्ल्याने राजा प्रत्येक गरीब घराला पारव्याचे एक पिल्लू आणि त्याच्यापुरते धान्य देई. पारवा जिथे वाढतो तिथेच परततो. दूर जाणाऱ्याने तो सोबत न्यावा आणि पायाला चिठ्ठी बांधून सोडावा, अशी रीत होती.

एके दिवशी सूत कातणारी विधवा उत्पला पिल्लू मागायला आली.

"तुझ्या नावाचं पिल्लू कधीच गेलं, मावशी," कोठारावरचा सेवक हसला. "एका झोपडीत दोन-दोन घुमवायचेत का?"

"मेल्या, आधी एक तरी दाखव! माझा सुमन निघालाय."

सुमन पारव्याविनाच गेला.

एकाच नावाने दोनदा पिल्लू मागितल्याचे ऐकून राजा संतापला. "अमात्य, लोक लबाड आहेत. हे दान बंद करा."

"महाराज, लबाडी कुणाची ते आधी पाहू. उत्पलेनं कुणाला फसवलं?"

दान दिलेले सगळे पारवे बोधिसत्त्वांनी टेकडीवर मागवले आणि एकदम सोडले. थोडे झोपड्यांकडे वळले. बाकीचा थवा धनपालक श्रेष्ठीच्या माडीवर उतरला. बंदरांतले भाव सर्वांआधी कळावेत म्हणून श्रेष्ठीने भाड्याची माणसे गरिबांच्या नावाने उभी करून पिल्ले मिळवली होती. माणसांना त्याने नीट पढवले होते. पारव्यांना पढवणे राहून गेले.

संध्याकाळी श्रेष्ठी बोधिसत्त्वांकडे आला.

"अमात्य, तुमची विमला दूर ताम्रलिप्तीला दिलीत. लेकीचा शब्द ऐकून किती काळ लोटला? उद्या माझा तांडा तिकडे निघतोय. माझे पारवे माझ्याकडे राहू द्या, एक तिच्या हातात पोहोचवतो."

पाठवणीच्या दिवशी रथाचा पडदा बाजूला सारणारा विमलेचा हात बोधिसत्त्वांना दिसला.

"श्रेष्ठी," ते म्हणाले, "तो पारवा कुणातरी आईचा आहे. तिचं छप्पर रिकामं ठेवून माझ्या लेकीची खबर मला नको."

श्रेष्ठीच्या माडीवरची उडू न लागलेली पिल्ले त्यांनी झोपड्यांमध्ये वाटली. पुढे नियम झाला: पारवा टेकडीवरून सोडावा, तो ज्या गरिबाच्या छपरावर उतरेल त्याच घराला धान्य मिळावे. दान चालू राहिले. अमात्यांचे घर गरीब नव्हते, म्हणून त्यांनी पारवा घेतला नाही.

उत्पलेचा पारवा मोठा झाल्यावर एका तांड्याबरोबर सुमनकडे गेला. ऋतू पालटला आणि एका सकाळी ती चिठ्ठी घेऊन धावत आली.

"अमात्यबाबा, वाचा ना!"

"'आई, मी बरा आहे. मीठ हाताला झोंबतं. तुझी हाक ऐकावीशी वाटते.'"

"आणखी?"

"एवढंच आहे."

"मग तेच पुन्हा वाचा."

बोधिसत्त्वांनी पुन्हा वाचले. 'आई' म्हणताना त्यांच्या मनात कुणीतरी 'तात' म्हणत होते. उत्पला तिसऱ्यांदा म्हणाली, "वाचा," आणि त्यांनी तिसऱ्यांदा वाचले.

ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तो श्रेष्ठी म्हणजे आजचा देवदत्त, तो राजा म्हणजे आनंद, ती उत्पला म्हणजे पटाचारा. आणि लेकीची वाट पाहत राहिलेला तो अमात्य मीच होतो. मन तळमळत असतानाही दुसऱ्याच्या वाट्याला हात न लावणे, ही शीलपारमिता."